हयात, पण परदेशात

बुधवारी दुपारी चार वाजून दोन मिनिटांनी आमच्या टीव्हीने आम्हाला बाहेर काढलं. म्हणजे तो इतकं उघड बोलला नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढंच उमटलं : ‘ही मालिका आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.’ पण ज्याने चौतीस वर्षं सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेत काढली आहेत, त्याला नकाराची भाषा नव्याने शिकवावी लागत नाही. ‘उपलब्ध नाही’ म्हणजे आहे, पण तुम्हाला नाही.

“काल तर होती!” बायको म्हणाली.

“काल आपला प्रदेश वेगळा असेल,” मी म्हणालो.

हा विनोद होता. तो जिथे पडला तिथेच पडून राहिला, कुणी उचलला नाही. कारण बायकोच्या कानाला फोन होता आणि फोनच्या पलीकडे ताई होत्या.

ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. त्या परदेशी, मुलाकडे राहतात. आमचे दुपारचे चार वाजतात तेव्हा तिकडे सकाळची आवराआवर संपलेली असते. दोघी फोन कानाला लावतात, आपापल्या घरचा टीव्ही सुरू करतात, “एक, दोन, तीन” म्हणतात आणि एकदम बटण दाबतात. मग पाऊण तास दोन देशांत एकच मालिका चालते आणि तिच्यावर दोन देशांतून एकदम टीका होते. एकीकडचं चित्र दोन सेकंद पुढे गेलं, तर “थांब गं, माझी अजून दार उघडतेय” असं ओरडून ते मागे घेतलं जातं.

मालिकाही तिसऱ्याच कुठल्यातरी देशातली. एका बेटावर एक डॉक्टरीणबाई असते. तिचा नवरा बोटीसकट बुडालेला. आणि तिला निनावी पत्रं येऊ लागतात. ती लिहितं कोण, हा सगळा मामला. बायकोचा संशय पोस्टमनवर. ताईंचा डॉक्टरीणबाईच्या नणंदेवर. कुठल्याही गोष्टीत नणंद असली की ताईंचा तपास तिथेच पुरा होतो.

तर त्या बुधवारी शेवटचे चार भाग उरलेले असताना आमचा प्रदेश निकामी ठरला. ताईंच्या प्रदेशात मालिका खुशाल चालू होती.

“तू बघ, मला सांगू नकोस,” बायको फोनवर म्हणाली.

“मी एकटी बघू? वेडी का तू?” ताई म्हणाल्या. “तू आलीस की बघू.”

बायकोने फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. हे लक्षण वाईट. मी दारात उभा राहिलो.

“मंगळवारी ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे,” ती पाठमोरीच म्हणाली.

“हो, ठाऊक आहे मला.”

“ती घाबरलीय. बोलणार नाही, पण घाबरलीय. भूल दिलेलं माणूस उठतंच ना गं, असं काल तिने मला दोनदा विचारलं. तो पाऊण तास तेवढा ती सगळं विसरते. नणंदेला शिव्या देते ना, तेव्हा तिचा आवाज पहिल्यासारखा होतो.” तिने नळ बंद केला. “अहो, काहीतरी करा.”

आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ‘काहीतरी करा’ ही आज्ञा मला मोजून तीनदा झाली असेल. एरवी आज्ञा असते ती ‘काही करू नका’ अशी. मी त्याच पावली टेबलाशी बसलो आणि अर्ज लिहायला घेतला.

हसू नका. ‘प्रदेश’ हा शब्द वाचल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे प्रादेशिक कार्यालय उभं राहिलं होतं. प्रदेश आहे म्हणजे प्रादेशिक अधिकारी आहे, अधिकारी आहे म्हणजे टेबल आहे, टेबल आहे म्हणजे त्याच्यावर कागद पडू शकतो. मी ‘विषय’ लिहिला, ‘संदर्भ’ लिहिला, ‘सविनय सादर’ म्हटलं, आणि बेटावरच्या डॉक्टरीणबाईचं प्रकरण अंतिम टप्प्यात असताना सुनावणी बंद करणं नैसर्गिक न्यायाला धरून नाही, हे तीन परिच्छेदांत पटवून दिलं. पाठवायचा कुठे, हे शोधायला संध्याकाळ झाली. त्या कंपनीला पत्ताच नव्हता. ‘मदत’ नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की आठ प्रश्न येत, आणि आठांतला एकही प्रश्न मला पडलेला नसे. शेवटी एक रिकामी चौकट सापडली. तिच्यात सबंध अर्ज ओतला. दोन सेकंदांत उत्तर आलं : ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.’

दोन सेकंदांत! मी नोकरीत असताना दोन महिन्यांत उत्तर गेलं तर लोक पेढे आणत. वाचलंच नाही, याला आणखी पुरावा कशाला हवा?

तोवर बातमी जिन्यात पोचली होती. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी टीव्ही बंद करून पाच मिनिटांनी लावायला सांगितलं. दुधाच्या दुकानदाराने रिमोटचे सेल उन्हात ठेवायला सांगितलं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “काका, मालिकाच बदला ना, सगळ्यांत शेवटी लग्नच होतं.” आणि गुरुवारी दुपारी शेजारचे डॉक्टर आले.

शेजारचे डॉक्टर म्हणजे निवृत्त दंतवैद्य. दवाखाना बंद केल्यापासून त्यांचे हात शिवशिवत असतात. इमारतीतलं कुठलंही यंत्र बिघडलं की ते बॅटरी आणि दातांच्या तपासणीचा तो छोटा गोल आरसा घेऊन हजर. आले ते थेट आमच्या इंटरनेटच्या डबीपाशी आडवे झाले. डबी टेबलाखाली असते. आरसा तिच्या पाठीमागे सरकवून ते म्हणाले, “हंऽऽ. केव्हापासून त्रास आहे?”

“काल चारपासून.”

“थंड-गरम काही?”

“डॉक्टर, तो टीव्ही आहे.”

“सवयीने विचारलं. व्हीपीएन टाकावं लागेल.”

बायकोने विचारलं, “ते काय असतं?”

“बोगदा असतो, वहिनी. आपला टीव्ही विचारतो की मालिका दाखव. कंपनी बघते, हा कुठून विचारतोय. आपण बोगद्यातून गेलो की दुसऱ्या देशात तोंड बाहेर निघतं. कंपनीला वाटतं, तिथलाच आहे. तुमच्या बहिणीच्या देशात तोंड काढू. झालं काम.”

“म्हणजे चोरवाट.”

“चोरवाट कशी? बायपास म्हणा.”

“बायपास हृदयाची असते,” बायको म्हणाली. “तुम्ही दातांचे.”

पण ताईंचा गुडघा डोळ्यांपुढे होता, म्हणून तिने फार ताणलं नाही. आपण दर महिन्याला वर्गणी भरतो, चार भाग उरलेत, आणि चारही बघितल्यावर लगेच आपापल्या देशात परत यायचं, अशी मनाची समजूत घालून मीही मान डोलावली. डॉक्टरांनी टेबलाखालूनच आपल्या फोनवर खाटखूट सुरू केली. तासाभराने आतून आवाज आला, “बोगदा पडला! आता देश निवडायचा. इथे नुसते झेंडे आहेत. तुमच्या बहिणीचा झेंडा कुठला?”

“वर पांढरा, खाली लाल,” बायको म्हणाली. ताई दर वर्षी तिकडचं भिंतीवरचं कॅलेंडर पाठवतात, त्यावर असतो.

“सापडला. दाबला.”

टीव्ही लागला. मालिका होती! बायकोने टाळी वाजवली, ताईंना फोन लावला, “एक, दोन, तीन” झालं आणि डॉक्टरीणबाईने तोंड उघडून कुठल्यातरी भलत्याच भाषेत बोलायला सुरुवात केली. खाली ओळी येत त्याही त्याच भाषेत. पोस्टमन एका भारदस्त बाईच्या आवाजात बोलत होता. ताई पलीकडून “अगं, कळलं का ती काय म्हणाली!” म्हणत होत्या आणि बायको इकडून “ती कुठली? मला सगळे एकच बोलल्यासारखे वाटतायत!” असं ओरडत होती.

मी वाकून टेबलाखाली पाहिलं. डॉक्टर पालथे पडले होते आणि फोन त्यांच्या डोक्याच्या वर, उलटा धरलेला होता. त्यांना वर पांढरा, खाली लाल दिसत होता, तो खरा वर लाल, खाली पांढरा होता. जगात असे दोन देश आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. आणि आम्ही वीस मिनिटं चुकीच्या देशात बसलो होतो.

“खालची आणि वरची बाजू कधी कधी गोंधळते,” डॉक्टर कपडे झटकत म्हणाले. त्यांच्या व्यवसायात हे वाक्य कुणी कधी ऐकून घेतलं असेल, असं मला वाटत नाही.

फोन सुलटा करून योग्य झेंडा दाबला. पडदा काळा झाला आणि त्यावर उमटलं : ‘आपण प्रॉक्सी वापरत असल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. कृपया ती बंद करून पुन्हा प्रयत्न करा.’

मी ते दोनदा वाचलं. कानशिलं तापली. प्रॉक्सी! आमच्या कचेरीत प्रॉक्सी या शब्दाचा एकच अर्थ होता : न आलेल्या माणसाची हजेरीपटावर दुसऱ्याने मारलेली सही. त्यापायी माणसं निलंबित होताना मी पाहिली आहेत. एका सहकाऱ्याने स्वतःच्या लग्नाच्या दिवसासाठी मला अक्षरशः पाय धरून विनवलं होतं, तरी मी त्याची सही मारली नव्हती. चौतीस वर्षांत एक मेमो नाही. आणि आता, उतारवयात, माझ्याच दिवाणखान्यात, माझ्याच हप्त्यांवर घेतलेला टीव्ही मला बायकोदेखत लबाड म्हणत होता!

“मनाला लावून घेऊ नका,” डॉक्टर म्हणाले. “या कंपन्या बोगद्यांची तोंडं ओळखून ठेवतात आणि बुजवतात. दुसरं बघू.”

दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. पट्ट्यांचा झेंडा, चांदणीचा झेंडा, पानाचा झेंडा, एक तर गरुडाचाही होता. सगळीकडे तेच : निदर्शनास आले आहे. एका दुपारात मला आठ देशांनी लबाड ठरवलं. शेवटी डॉक्टर थकून म्हणाले, “असू दे चालू. कधी कधी भूल चढायला वेळ लागतो,” आणि आरसा पुसत घरी गेले.

इथे माझ्या हातून एक चूक झाली. चूक म्हणजे, मी माझं कर्तव्य केलं.

पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. हयातीचा दाखला. पूर्वी त्यासाठी रांगेत उभं राहावं लागे. रांग अशी की दाखला मिळेपर्यंत तो खोटा ठरण्याची भीती. आता फोनवर होतं : चेहरा समोर धरायचा, दोनदा डोळे मिचकावायचे, झालात तुम्ही हयात. शुक्रवार शेवटची तारीख. सकाळी नऊ अडतीसला मी खिडकीशी उभा राहून डोळे मिचकावले. ‘अभिनंदन, आपण हयात आहात’ असा संदेश आला. एवढ्यावर कुणी माझं अभिनंदन केलं की मला बरं वाटतं.

दहा मिनिटांनी दुसरा संदेश आला : ‘आपले प्रकरण परदेशस्थ निवृत्तिवेतनधारक शाखेकडे वर्ग करण्यात आले आहे. तेथील वकिलातीत समक्ष हजर राहावे.’

डबी टेबलाखाली अजून बोगद्यात होती. सबंध घर बोगद्यात होतं. सरकारदरबारी मी हयात होतो, पण परदेशात.

तडक पेन्शन कचेरी गाठली. खिडकीत बसलेली बाई माझीच जुनी हाताखालची. नवीन लागली तेव्हा शिक्का उलटा मारायची. तिला मीच घडवली.

“अय्या, सर!” ती म्हणाली. “कधी आलात?”

“कुठून?”

“तिकडून.”

“मी तिकडे गेलोच नव्हतो.”

तिने पडद्याकडे पाहिलं. “नऊ अडतीसला तुम्ही तिकडे होतात, सर. आता साडेअकरा झालेत. लवकर आलात हो!”

“अगं, मी तुझ्यासमोर उभा आहे.”

“मला दिसताय ना, सर. चांगले टवटवीत दिसताय. पण मला दिसून काय उपयोग? सिस्टीमला दिसायला पाहिजे. परत आल्याचा पुरावा द्या.”

“गेलोच नाही तर परत आल्याचा पुरावा कुठून आणू?”

“मग न गेल्याचा द्या.”

“न गेल्याचा पुरावा जगात कुणाकडे असतो?”

ती जरा ओशाळली. मग हळूच म्हणाली, “सर, तुम्हीच शिकवलंत ना? माणूस समोर उभा असला तरी कागद मागायचा. माणूस निघून जातो, कागद राहतो.”

हे वाक्य माझंच. तेव्हा मला ते फार आवडलं होतं.

मी घरी येऊन सेक्रेटरींचं दार वाजवलं. सोसायटीच्या छापील कागदावर दाखला हवा होता. सेक्रेटरींनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, “काका, खरं सांगा, कायमचे चाललात का तिकडे? नाही म्हणजे, फ्लॅट देणार असाल तर माझ्या साडूला—”

“मी कुठेही चाललेलो नाही! तेच तर लिहून हवंय!”

मग त्यांनी मन लावून लिहिलं : ‘सदर गृहस्थ गेली तीन वर्षे कोठेही गेलेले नाहीत व यापुढे जातील असे वाटत नाही.’ खाली साक्षीदाराची सही हवी होती, म्हणून कागद बायकोकडे नेला. तिने चष्मा लावून वाचला, सही केली आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात भर घातली : ‘भाजी आणायलासुद्धा नाही.’

“हे कशाला?” मी म्हणालो.

“पुरावा भक्कम हवा ना?”

तो कागद कचेरीत फारच चालला. खिडकीतल्या बाईने तो शेजारच्या टेबलावर दाखवला, त्या टेबलाने पुढच्या. कुठूनतरी हसण्याचा आवाज आला. पण दुपारी पावणेचारला मी पुन्हा स्वदेशी झालो. डॉक्टरांनी बोगदा उपटून काढला आणि “दोन दिवस जरा मंद चालेल, सूज असते” असं सांगितलं.

मालिकेचं मात्र काहीच झालं नव्हतं. त्या दुपारीही बहिणी चार वाजता फोनवर बोलल्या, पण टीव्ही न लावता. नुसतं बोलणं असलं की गुडघा मध्ये येई. ताईंनी आपल्या सोन्याच्या पाटल्या कुणाला द्यायच्या ते सांगायला सुरुवात केली, तेव्हा बायकोने “दूध उतू चाललंय” म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

शनिवारी सकाळी मी त्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. संगीत ऐकत पन्नास मिनिटं धरून बसलो. अखेर एका गोड मुलीचा आवाज आला.

“सर, तुमचं लोकेशन गुरुवारी नऊ देशांत दिसतंय. फिरायला गेला होतात का?”

लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. बोगदा, उलटा झेंडा, ताई, गुडघा, भूल, पाटल्यासुद्धा. ती मध्ये एकदाही “मी आपली आणखी काय मदत करू शकते” म्हणाली नाही, यावरून ती ऐकत होती हे मला कळलं.

“सर, तुमच्या प्रदेशात दाखवायचे हक्क मंगळवारी संपले,” ती म्हणाली. “म्हणून काढली.”

“कुणाचे हक्क संपले?”

“कंपनीचे.”

“आणि माझे?”

“तुमचे... सर, तो पर्याय माझ्याकडे येत नाहीये.”

“बरं, तुम्हाला तरी दिसते का ती मालिका?”

“नाही ना, सर!” ती एकदम कळवळून म्हणाली. “मीपण याच प्रदेशात बसते. माझे तर सहा भाग राहिले होते. पण माझी मावशी तिकडे असते, तिने मला सगळं सांगितलं.” मग आवाज आणखी खाली गेला. “सांगू? पत्रं कोण लिहितं ते?”

मी ‘नको’ म्हणायला हवं होतं. पण आलेलं नाकारायचं नाही, ही माझी हाडात मुरलेली सवय. “सांगा,” मी म्हणालो. तिने सांगितलं. मी खुर्चीत बसलेलो होतो म्हणून बरं.

“आणि सर, एक सुचवू? तुमच्या ताईंना म्हणावं, त्यांचा फोन त्यांच्या टीव्हीसमोर उभा करून व्हिडिओ कॉल लावा. हे मी बोललेले नाहीये हं. आपला दिवस शुभ असो.”

चार दिवस, एक अर्ज, एक बोगदा आणि नऊ झेंडे झाल्यावर, फोन टीव्हीसमोर उभा करायचा!

“काय म्हणाली?” बायकोने विचारलं.

“फोन ताईंच्या टीव्हीसमोर उभा करायचा.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

“मग तुमचं तोंड असं काय झालंय? सुपारी अडकल्यासारखं?”

“पन्नास मिनिटं संगीत ऐकलं,” मी म्हणालो.

शनिवारी चार वाजता ताईंनी पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. आम्हाला त्यांच्या टीव्हीचा डावा अर्धा भाग, खिडकीचं प्रतिबिंब आणि ताईंचं एक कोपर दिसत होतं. बेट उजवीकडे असे, म्हणून ते दिसलंच नाही. खालच्या ओळी तर मुंग्यांसारख्या. मग ताईच मोठ्याने वाचून दाखवू लागल्या. आणि काय वाचत! पोस्टमनचं वाक्य आलं की सपाट, जणू किराण्याची यादी. नणंदेचं आलं की दातओठ खाऊन. ती बिचारी “जेवलीस का?” एवढंच विचारी, पण ताई ते अशा आवाजात वाचत की जेवणात काहीतरी कालवलंय अशी आमची खात्री पटावी.

“ताई, ती खरंच असं म्हणाली? की तू घालतेयस मनाचं?” बायको ओरडे.

“तोंडावर दिसतंय ना तिच्या!”

“मला तुझं कोपर दिसतंय फक्त!”

डॉक्टर स्वतःची खुर्ची घेऊन आले होते. त्यांना कथेशी देणंघेणं नव्हतं. ते अधूनमधून “पोस्टमनची वरची डावी दाढ बसवलेली आहे” असं म्हणत. मी एकटा गप्प. शनिवार, रविवार, सोमवार, तीन भाग मी तिथे जीभ दाताखाली धरून काढले. बायको आणि ताई पोस्टमन-नणंद, पोस्टमन-नणंद करून घसा कोरडा करत होत्या आणि सत्य त्यांच्या मागे, सोफ्यावर, चहा पीत बसलं होतं. उभ्या संसारात प्रथमच मला असं काही ठाऊक होतं जे बायकोला नव्हतं. ते बोलता येत नव्हतं, एवढंच.

सोमवारी तिसरा भाग संपला. शेवटचा उरला.

“लावू का?” ताईंनी विचारलं. “उद्या सात वाजता आत नेणार आहेत. आता बघून टाकू.”

बायकोने चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाली, “नको.”

“नको काय? इतका जीव टाकलास ना?”

“राहू दे तो. बाहेर आलीस की बघू.”

पलीकडचं कोपर हललं नाही. “अगं, पण उद्या भूल देताना माझ्या डोक्यात ती पत्रंच घोळतील.”

“घोळू देत की. काहीतरी बाकी असलं ना, की माणूस उठतं.”

“आणि नाही उठलं तर?” ताईंनी विचारलं. हे त्यांनी पहिल्यांदाच सरळ विचारलं होतं. डॉक्टरांनी दाढ बघायची थांबवली.

“तर मी एकटी बघीन,” बायको म्हणाली, “आणि सगळ्या नातेवाइकांत सांगेन की पोस्टमनच होता. नणंदेवर तू उगाच आळ घेतलास.”

“अस्सं?” ताईंचा आवाज चढला. पहिल्यासारखा. “बघतेच कशी सांगतेस ते! थांब, आधी गुडघा होऊ दे माझा!”

मंगळवारी आम्ही सकाळपासून घरात एकमेकांना चुकवत फिरलो. चार वाजता बायको बंद टीव्हीसमोर जाऊन बसली. मी शेजारी बसलो. पडद्यात आम्ही दोघं दिसत होतो. कुठल्याही प्रदेशात उपलब्ध असलेला, तसा सामान्य कार्यक्रम. पावणेपाचला भाच्याचा फोन आला : “मावशी, छान झालं सगळं. शुद्धीवर आलीय. काहीतरी बोलतेय, पण आम्हाला कळत नाही. नर्सबाई म्हणतात भुलीत बडबडतेय.”

“तिच्या कानाशी धर फोन.”

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग जड, चिकट जिभेने, पण ठाम शब्दांत ताई म्हणाल्या, “नणंदच आहे.”

“पोस्टमन,” बायको म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. रडतानाही दोनदा म्हणाली, “पोस्टमन, पोस्टमन.”

या गोष्टीला आता सात महिने झाले. शेवटचा भाग त्यांनी अजून पाहिलेला नाही. आधी ठरलं, टाके निघू देत. मग ठरलं, काठी सुटू दे. आता काठीही सुटलीय, पण तिकडचे डॉक्टर म्हणतात दुसरा गुडघाही करावा लागेल, म्हणून दोघींनी एकमताने तो भाग तेव्हापर्यंत राखून ठेवलाय. सध्या चार वाजता दुसरी मालिका चालते, दोन्ही प्रदेशांत उपलब्ध असलेली. तिच्यातही एक नणंद आहेच.

काल मी पेपर वाचत बसलो होतो. बायकोने फोन स्पीकरवर टाकला होता. ताई एकाएकी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही कधी बोलला नाहीत. तुम्हाला काय वाटतं हो, ती पत्रं कोण लिहीत असेल?”

मी पेपर खाली ठेवला. सात महिन्यांच्या ओझ्याखाली दबलेला माणूस मी. ओठांवर नाव आलं होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. नुसतंच, सहज. दुसरा गुडघा सहा आठवड्यांवर होता.

“मला काय कळतंय त्यातलं,” मी म्हणालो.

“ते आम्हाला ठाऊकच होतं,” दोघी एका सुरात, दोन देशांतून म्हणाल्या.